वर्णन : गहूवर्णी, साधारण बांधा

संध्याकाळी आठच्या सुमारास, शहर पान बंद करायची घाई चाललेली असताना, आमच्या कचेरीच्या लाकडी जिन्यावर चपला वाजायच्या. वर येणारी माणसं दोन नाहीतर तीन असायची, एकटं कोणी कधी आलं नाही. पुढच्याच्या हातात पाकीट, मागच्याच्या हातात छत्री. शिपायाला काही सांगावंच लागत नसे. "हरवलेत ना? त्या कोपऱ्यातल्या टेबलावर जा," एवढंच तो म्हणायचा.

कोपऱ्यातलं टेबल माझं. पुण्यातल्या एका दैनिकात मी २२ वर्षं उपसंपादकी केली. अग्रलेख लिहिणाऱ्यांची नावं वाचकांना पाठ असतात. माझं लिखाण पानाच्या तळाशी, चार बोटं उंचीच्या चौकटीत जायचं आणि खाली नाव नसायचं. चौकटीचं शीर्षकही वर्षानुवर्षं तेच : 'हरवले आहेत'.

तिची भाषा ठरलेली. वय, उंची, रंग गहूवर्णी, बांधा साधारण, अंगात अमुक शर्ट, पायात तमुक चप्पल, मराठी व हिंदी बोलतात. मुंबई दूरदर्शनवरचं 'आपण यांना पाहिलंत का?' ज्यांनी पाहिलंय त्यांच्या कानात हा सूर अजून असेल. जेवणाच्या वेळी ते लागलं की आमची आई घास हातात धरून शेवटच्या फोटोपर्यंत बघत बसायची. एकही माणूस तिच्या ओळखीचा निघाला नाही. तरी बघायची.

सायकल दुरुस्त करून आणली आहे

त्या चार ओळी वाचायला शिकायला मला दोन वर्षं लागली. 'घरात कोणालाही न सांगता निघून गेले' याचा अर्थ बऱ्याचदा घरात सगळ्यांना ऐकवून, भांडून गेले असा असे. 'मनाने भोळे' म्हणजे काय ते सगळ्या आळीला ठाऊक असे. दहावीचा निकाल लागला की पुढचा आठवडाभर चौकटीत पोरंच पोरं. 'असशील तिथून परत ये, तुला कोणी रागावणार नाही, आईने अन्न सोडले आहे.'

एकदा एका वडिलांनी हेच वाक्य लिहून दिलं, जिना उतरले आणि पुन्हा वर आले. म्हणाले, "ते 'कोणी रागावणार नाही' काढा. मी असं जन्मात बोललेलो नाही, त्याला खरं वाटायचं नाही. त्याच्याऐवजी 'सायकल दुरुस्त करून आणली आहे' असं घाला." आमच्या मुख्य उपसंपादकांनी नाक मुरडलं, पण मी घातलं. चौथ्या दिवशी पोरगा घरी आला. कशामुळे आला ते मला माहीत नाही, पण तेव्हापासून घरच्यांनी दिलेलं वाक्य मी सहसा बदललं नाही.

फोटोचा घोळ तर रोजचा. चाळीस वर्षं घरात वावरलेला माणूस, पण त्याचा एकट्याचा फोटो सापडायचा नाही. मग लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून आणायचे. कपाळावर फेटा, खांद्यावर कोणाचा तरी मनगटापर्यंतचा हात. निवडणूक ओळखपत्रावरचा फोटो आणला तर मी परत पाठवायचो. त्यावरून समोर बसलेला माणूसही ओळखू आला नसता. पुढे मोबाइल आले, फोटो मुबलक झाले आणि वेगळाच घोटाळा सुरू झाला. एका आजींचा फोटो नातीने दिला, त्यात आजींच्या डोक्यावर सशाचे कान होते.

यावर आम्ही कचेरीत हसायचो. कठोरपणा नव्हता तो. रोज रात्री चार ओळींत कोणाचा तरी बाप बसवायचा तर त्याच्यावाचून निभत नाही.

मला चीड यायची ती शर्टाची. "अंगात काय होतं?" असं विचारलं की घरचे एकमेकांकडे बघायचे. मुलगा म्हणायचा पांढरा, सून म्हणायची चौकड्यांचा, मग बाहेर जाऊन घरी फोन. सकाळपासून माणूस तुमच्यासमोर बसलाय, आणि अंगात काय होतं ते सांगता येत नाही? मी पेन खाली ठेवायचो. ते ठेवण्यात एक रुबाब असायचा, हे आता कळतं.

अंगात निळा शर्ट

२०१९ चा पावसाळा. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल बुडालेला, पान एकला तीच बातमी. पावणेआठला बायकोचा फोन आला. "नाना अजून आले नाहीत फिरून."

नाना म्हणजे माझे वडील. वय ७५. सहकारनगरात आमचं घर. साडेपाचला निघायचं, तळजाईच्या चढाला लागायचं, वर बाकावर दोन मित्र भेटायचे आणि दिवेलागणीला परत. वर्षभरात थोडं विसरायला लागले होते. एकदा चहा घेऊन पुन्हा चहा मागितला, एकदा माझ्या मुलीला आत्याच्या नावाने हाक मारली. 'वय झालं' म्हणून आम्ही डॉक्टरांकडे जायचं पुढे ढकलत राहिलो.

घरी पोचेपर्यंत सोसायटीतली दहा-बारा माणसं निघालेली होती. पहिल्या तासात सगळे करतात तेच आम्हीही केलं. जो तो लांब पळाला. कोणी पर्वतीला, कोणी सारसबागेत, कोणी दुचाकीवर कात्रजपर्यंत. तळजाईच्या झाडीत टॉर्च मारत आम्ही "नाना! ओ नाना!" म्हणून घसा फोडला.

रॉबर्ट कोस्टर नावाच्या अमेरिकी शोधतज्ज्ञाने हरवलेल्या माणसांच्या हजारो नोंदी जमवून २००८ मध्ये 'लॉस्ट पर्सन बिहेवियर' हे पुस्तक काढलं. शोधपथकं ते हाताशी ठेवतात. स्मृतिभ्रंश झालेला माणूस बहुधा फार लांब जात नाही, वाट अडेपर्यंत चालत राहतो, आणि मुख्य म्हणजे हाकेला ओ देत नाही, स्वतः मदत मागत नाही, असं त्या नोंदी सांगतात. हे मी नंतर वाचलं. त्या रात्री आम्ही लांब शोधत होतो आणि ओरडत होतो.

पोलीस चौकीत जायला साडेनऊ झाले, कारण बरोबरच्या एकाने ठामपणे सांगितलं होतं, "चोवीस तास झाल्याशिवाय घेत नाहीत." हा समज कुठून आला देव जाणे. असा काही नियम नाही. १८ वर्षांखालचं मूल असेल तर अपहरणाचा गुन्हा दाखल होतो, मोठ्या माणसाची 'मिसिंग' म्हणून नोंद होते, आणि ती पहिल्या तासातही करता येते. मी वर्तमानपत्रातला, मला हे माहीत होतं. तरी ऐकलं. घरचा माणूस हरवला की पहिली आपली अक्कल हरवते.

चौकीतल्या हवालदारांनी वही ओढली आणि विचारलं, "अंगात काय होतं?"

मी म्हणालो, निळा शर्ट. बायको म्हणाली, पांढरा. मुलगी म्हणाली, रेघांचा. हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मी २२ वर्षांत कधी कोणाला विचारला नव्हता. "निघताना काय बोलले?" मुलगी म्हणाली, "टीव्हीवर धरणाच्या पाण्याचं चाललं होतं. आजोबा म्हणाले, पाणी वाढतंय. मी म्हटलं, हो." त्यांनी तेही लिहून घेतलं. वायरलेसवर वर्णन गेलं, ससूनला आणि रेल्वे पोलिसांना कळवलं गेलं. ते वाक्य मात्र वहीतच राहिलं.

चाळीस मिनिटं पुढचं घड्याळ

दुकानांतले कॅमेरे बघणं ऐकायला सोपं वाटतं. निम्मे बंद असतात. चालू असतात त्यांचा पासवर्ड मालकाच्या भाच्याला ठाऊक असतो आणि भाचा चाकणला असतो. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात बसून आम्ही साडेपाच ते सहाचं चित्रण तीनदा पाहिलं. नाना नाहीत. शेवटी दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, याचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढं आहे, लाइट गेल्यापासून." त्या हिशेबाने पाहिलं तर सापडले.

चित्रण काळंपांढरं, शर्ट कसला ते कळेना. कळलं ते दुसरंच. नाना टेकडीकडे गेलेच नव्हते. ते उतारावर, स्वारगेटच्या दिशेला चालले होते. छत्री मिटलेली, बगलेत. मान खाली घालून झपाझप. मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबांना उशीर झाल्यासारखं वाटतंय." खरंच तसं चालणं होतं. रस्ता चुकलेला माणूस थांबतो, वळतो, पाट्या बघतो. हे कुठेतरी निघाले होते.

तोवर मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकलेला. पाऊण तासात तो नागपूरला पोचला, स्वारगेटच्या रिक्षावाल्यांपर्यंत मात्र नाही. साडेअकराला फोन : तुमचे वडील आमच्याजवळ आहेत, भूक लागलीय म्हणतायत, पाचशे रुपये पाठवा, रिक्षात बसवून देतो. माझं बोट पैसे पाठवायच्या बटणावर होतं. मुलीने फोन ओढून घेतला. "आधी आजोबांना द्या फोन." पलीकडून कट. या जातीची माणसं माझ्या चौकटींवरही पोसली जायची. 'योग्य बक्षीस' हे शब्द मी पुढे छापायचं बंद केलं ते त्यामुळेच.

त्या मेसेजचं आणखी एक. त्यावर आम्ही तारीख घातली नाही. २०२२ मध्ये अमरावतीहून एका सद्गृहस्थांचा फोन आला, आजोबा मिळाले का? मी म्हटलं, दुसऱ्याच दिवशी मिळाले. ते भडकले : "मग अजून कशाला फिरवता?"

रात्री बाराला मी कचेरीत फोन लावला. शहर आवृत्ती सुटायला अर्धा तास होता. रात्रपाळीच्या पोराला मजकूर सांगितला : वय ७५, रंग गहूवर्णी, बांधा साधारण. तो घुटमळला. "सर, अंगात?" मी म्हटलं, "निळा शर्ट टाक." २२ वर्षं लोकांकडून मागितलेली खात्री मी अशी ठोकून दिली.

इंदूरचा फोन

आत्या इंदूरला असते. तिला रात्री कळवायचं नाही असं ठरलं होतं. दोन वाजता तिचाच फोन आला. मेसेज तिच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला होता. मी सगळं सांगितलं. हवालदारांच्या वहीतलं वाक्यही सांगितलं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, तो वाड्यावर गेलाय. आईला आणायला."

आमचं सहकारनगरातलं घर मुळात पुराने दिलेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे बसले. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उठल्या. हे पुण्यात सगळ्यांना माहीत असतं. आमचा वाडा शनिवार पेठेत नदीकडच्या अंगाला होता, हेही मला माहीत होतं. त्या सकाळी घरात काय झालं ते मात्र नानांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

आत्या तेव्हा ११ वर्षांची, नाना १७ चे. पाणी वाढतंय अशी हूल आली तेव्हा आजीने, म्हणजे नानांच्या आईने, त्यांना सांगितलं : म्हातारीला आणि हिला वरच्या पेठेत पोचव आणि परत ये, तोवर मी धान्य माळ्यावर टाकते. त्यांनी दोघींना पोचवलं. परत फिरले तर गल्लीच्या तोंडाशी पाणी. संध्याकाळपर्यंत ते तिथेच उभे होते. आजी शेजारच्या माडीवर सुखरूप आहे हे पाणी ओसरल्यावर कळलं.

"आणि तुम्ही 'नाना नाना' काय ओरडताय?" आत्या म्हणाली. "तेव्हा तो नाना होता का? बंडू म्हणून हाक मारा."

अडीचला आम्ही शनिवार पेठेत होतो. वाड्याच्या जागी आता पाच मजल्यांची इमारत. वॉचमनला उठवलं, पार्किंग पाहिलं, वर्तक बागेच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो. नदीचा आवाज गल्लीत येत होता. माझी मुलगी अंधारात "बंडू, बंडू" म्हणत फिरत होती. कोणी नाही.

पावणेपाचला मोबाइल वाजला. पेठेतला पेपरविक्रेता. गठ्ठे सोडून पुरवण्या भरताना त्याने शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा पाहिला, मग हातातल्या पानावरचा फोटो पाहिला, खालचा नंबर पाहिला. "साहेब, निळा शर्ट नाहीये, पण चेहरा हाच आहे. चहा पाजलाय. घरी सोडतो म्हटलं तर ऐकत नाहीत. पाणी ओसरलं की जातो म्हणतात."

ती पायरी वाड्यापासून दोन गल्ल्या वर होती. आम्ही वाडा होता तिथे शोधत होतो. नाना पाणी होतं तिथे थांबले होते.

मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं सौजन्याने पाहिलं आणि थोडं सरकून जागा दिली. "चला नाना" म्हटलं तर मान हलवली. मग मुलीने इंदूरला फोन लावला आणि त्यांच्या कानाला धरला. आत्याचा आवाज मला ऐकू येत होता. "बंडू, आई आलीय वर. माझ्याजवळ आहे. ये तू आता."

नाना उठले. गुडघ्यांवर हात टेकत, पण लगेच उठले.

हे सापडले का?

घरी येऊन आंघोळ झाली. आठ वाजता दारात पेपर पडला आणि सवयीने नानांनीच तो उचलला. आम्हा तिघांनाही ओढून घ्यायचं सुचलं नाही. त्यांनी मथळे वाचले, पान उलटलं, तळाशी आले. चौकट अथपासून इतिपर्यंत वाचली. फोटो त्यांच्याच साठीचा होता, उपरणं घातलेला.

"हे सापडले का?" त्यांनी विचारलं.

"सापडले," मी म्हणालो.

"बरं झालं. घरचे रात्रभर फिरले असतील."

चहा आणायला मी आत गेलो. मोरीत बादलीवर रात्रीचा ओला शर्ट टाकलेला होता. बिस्किटी रंगाचा, बारीक रेघांचा. उचलून पाहिला तर माझाच. दोरीवरून उतरवून ते घालून गेले होते. आदल्या दिवशी सकाळी मी तो शोधला होता, मिळाला नाही म्हणून दुसरा घातला होता, आणि विसरलो होतो.

त्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. नाना पुढे तीन वर्षं होते. संध्याकाळचं फिरणं आम्ही बंद केलं नाही, फक्त कोणीतरी बरोबर जायचं. बायकोने त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आतून फोन नंबरची पट्टी शिवली. माझ्याही सदऱ्यांना शिवली, कारण ते कुठला घालतील याचा भरवसा नव्हता. आजही माझ्या दोन शर्टांत माझाच नंबर आहे.

हे एका घरापुरतं नाही. आपल्याकडे साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीने दिला. जपानमध्ये त्याच एका वर्षात अशा १९,०३९ माणसांची हरवल्याची नोंद पोलिसांत झाली. तिथल्या इरुमा शहराने २०१६ मध्ये म्हाताऱ्यांच्या नखांवर चिकटवायचे क्यूआर कोड काढले होते. मुंबईत २०२३ मध्ये एक बारा वर्षांचा, बोलून पत्ता सांगू न शकणारा मुलगा गळ्यातल्या क्यूआर कोडच्या लॉकेटमुळे काही तासांत घरी पोचला. शिवलेली पट्टी काय आणि लॉकेट काय, काम एकच. ज्याला माणूस सापडतो त्याला कोणाला फोन करायचा ते कळलं पाहिजे. घरच्यांना मदत मागायची असेल तर ११२ आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. चोवीस तास थांबू नका.

सगळेच सापडत नाहीत. एक बाई दर वर्षी त्याच तारखेला यायच्या. नवरा सकाळी फिरायला म्हणून गेला तो आलाच नाही. दर वर्षी तोच फोटो, तोच मजकूर, फक्त वय एकाने वाढवून मागायच्या. सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही की कायदा माणूस मेला असं धरू देतो, आणि पेन्शनपासून घराच्या कागदांपर्यंतची कामं सुटतात. आठव्या वर्षी त्या आल्या तेव्हा मी हे चाचरत सांगितलं. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वय एकाहत्तर करा."

मी निवृत्त झालो. चौकटीच्या टेबलावर आता दुसरा पोरगा आहे. पण ओळखीपाळखीने फोन येतात : काका, आमचे सासरे सकाळपासून दिसत नाहीत, मजकूर करून द्या. मी वय, उंची घेतो. शर्टाचं एकदा विचारतो, उत्तरं वेगवेगळी आली तर गप्प राहतो. मग विचारतो, निघताना काय बोलले? आणि शेवटी : त्यांना लहानपणी काय म्हणायचे?

पलीकडे एकदम शांतता होते. मुलाला माहीत नसतं, सुनेला तर नसतंच. मग, "थांबा हं काका," म्हणत कोणीतरी गावाकडच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला फोन लावतं.